सात नंबरच्या बाटलीतल्या माश्या

बुधवार वागे, ३ मे

ही वही मलांग शहरातून माश्यांचा अभ्यास करायला आलेल्या बाईने दिली. पालुपी तिचं नाव. वहीत रोज माश्या लिहायच्या. बागेत बारा बाटल्या टांगल्यात, त्यांत पडलेल्या माश्या मोजायच्या आणि आकडा इथे टाकायचा. मी म्हटलं, वही दोनशे पानांची, आकड्याला लागते बोटभर जागा, उरलेल्या कागदाचं काय करू? म्हणाली, "तुम्हाला वाटेल ते लिहा, म्बाह." भेटून अर्धा तास झाला नाही तर मी हिची आजी झाले.

तीन इयत्ता शिकले मी. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. पण मोजता येतं. आठवड्याचे सात वार आणि आमचे फिरून येणारे जुने पाच, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, दोन्ही. ज्यांना फार लिहिता येतं त्यांना मोजता येत नाही असं माझ्या बघण्यात आहे.

मागच्या बहारात बारा करंड्यांतल्या पाच करंड्या अळ्यांच्या निघाल्या. वरून सफरचंद लाल, देखणं. कापलं की आत सगळं वळवळतंय. हार्सोयो, माझा मुलगा, करंडी नाल्यात उपडी करून आला आणि म्हणाला, "माक, अजून एक बहार. यातही अळ्या निघाल्या तर एकशे चाळीसच्या एकशे चाळीस झाडं तोडतो आणि संत्री लावतो." खालच्या गावात सगळ्यांनी तेच केलं. आता तिथून संत्र्यांचा वास येतो. साबणाच्या दुकानासारखा.

पन्नास वर्षं मी या झाडांची पानं काढतेय. हा जन्माला आला त्या दिवशीसुद्धा सकाळी शिडीवर होते.

आज सगळ्या बाटल्या मिळून ११२ माश्या.

शुक्रवार लेगी, ५ मे

बाईने बागेत खांब पुरून त्यावर पांढरी पेटी बसवली. म्हणते, ती हवेची ऊब मोजते. माशीला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत ठरावीक ऊब लागते. रोज थोडी थोडी साठते. भरली की माशी बाहेर. खाली पासूरुआनला आंब्याच्या बागांत उकाडा, तिथे तीन आठवड्यांत भरते. आमच्याकडे आर्जुनो डोंगराच्या अंगावर गारठा, इथे सहा लागतात. बर्फाच्या देशात ही चार वर्षं शिकून आली, तिथली माशी वेगळी, पण हिशेब तोच. पेटी आकडे पाठवणार, मलांगचं यंत्र बेरीज करणार आणि फोनवर निरोप येणार, की अमक्या दिवशी माशी येईल, त्याआधी फळांना पिशव्या बांधा.

मी म्हटलं, "न्दुक, पोरी, मी आयुष्यात हजार कोंबड्यांची पिल्लं काढली. खांब पुरला नाही एकदाही."

हसली. दात चांगले आहेत.

बाटलीत औषधाचा बोळा आहे. त्याच्या वासाने फक्त नर येतात आणि बुडून मरतात. माद्या येत नाहीत, त्या सरळ फळाकडे जातात. हे मात्र मला न शिकवता कळलं.

८७.

गुरुवार पाहिंग, ११ मे

पानं काढली.

आमच्याकडे हिवाळा नाही, त्यामुळे सफरचंदाला कळत नाही कधी झोपायचं आणि कधी उठायचं. म्हणून फळं उतरली की आम्ही हाताने पान न् पान ओरबाडतो. झाड उघडं पडलं की घाबरून फुलतं. वर्षात दोनदा. दिवस घरातल्या म्हाताऱ्या माणसाने धरायचा, आमच्या घरात ते माणूस मी.

पालुपीने सरपंचाला मध्ये घालून डोंगराच्या या बाजूच्या सहाही बागांना एकाच आठवड्यात पानं काढायला लावली. एरवी ज्याला वाटेल तो वाटेल तेव्हा काढतो, त्यामुळे कुठे ना कुठे फळ असतंच आणि माशी उपाशी मरत नाही. सगळी झाडं एकदम रिकामी झाली तर माशीला खायला नाही, ती संपेल, असं तिचं म्हणणं. तिला हवी ती तारीख आणि मला हवा तो वार नेमका एका दिवशी आला म्हणून भांडण टळलं. नाहीतर मी तारीख सोडली असती, वार नाही.

सकाळी शिडी लावून तिलाही चढवली. पानं खालून वर ओढायची, खाली ओढली तर डोळा मोडतो आणि तिथे फूल येत नाही. पहिल्या फांदीवर तिने चार डोळे मोडले. मी हात धरून दाखवलं.

"तुझ्या त्या बर्फाच्या देशात हे काम कोण करतं?"

"थंडी करते, म्बाह."

"फुकट?"

"फुकट."

"मग तिथली माणसं दिवसभर करतात काय?"

"यंत्रं बनवतात. माश्या मोजायची."

हार्सोयो खाली उभा राहून हसत होता. बऱ्याच दिवसांनी हसला.

संध्याकाळपर्यंत एकशे एकोणचाळीस झाडं उघडी झाली. मधल्या पट्टीतलं जुनं झाड तेवढं ठेवलं. ते आम्ही ठेवतोच. पालुपीने विचारलं, "आणि हे?" हार्सोयो मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ते राखणदाराचं आहे." मलांगची असली तरी जावाचीच पोरगी आहे. पुढे विचारलं नाही.

बोटं हिरवी झालीत. वही डागाळली.

शनिवार लेगी, २० मे

काल शुक्रवार क्लिवोन, म्हणून जुन्या झाडाखाली फुलं आणि काळी कॉफी ठेवली. दर पस्तीस दिवसांनी ठेवते. राखणदाराला तीन चमचे साखर लागते. आमच्या ह्यांनाही, कास्दूला, तीनच लागायची. पुरुषांची जीभ मेली तरी बदलत नाही. या झाडाला बारा महिने थोडी थोडी फळं असतात, कारण ते उघडं पडतच नाही. ती कुणी तोडायची नाहीत. पडली तर पडू द्यायची. कास्दू गेला त्या बहारात सगळ्यांची पानं काढून झाली होती, हेच तेवढं राहिलं होतं. मग राहिलंच. अकरा वर्षं झाली.

फोनवर निरोप आला. हार्सोयोने वाचून दाखवला : "बागेत फळ नाही. पुढचे पाच आठवडे माशी घटत जाईल."

आजचा आकडा. एकपासून सहापर्यंत शून्य. आठपासून बारापर्यंत मिळून तीन. सात नंबरमध्ये एकतीस.

घटली म्हणे!

शुक्रवार वागे, २ जून

सात नंबरमध्ये ६४.

मला वाटलं बाटलीतच खोट आहे. बोळ्यात औषध जास्त पडलं असेल. म्हणून सोमवारी सात नंबरची बाटली दोनच्या जागी आणि दोनची सातच्या जागी टांगली. कुणाला सांगितलं नाही. तीन दिवस मोजलं. सात नंबरची बाटली दोनच्या जागी गेली तर तिच्यात एकही पडली नाही, आणि दोनची जुन्या झाडाजवळ आली तर भरली. म्हणजे बाटलीत खोट नाही. बाईच्या हिशेबात आहे.

ती आज आली तेव्हा मी वही पुढे केली. वाचताना तिचा चेहरा पडला. म्हणाली, "पासूरुआनला बरोबर आलं. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर बरोबर आलं. इथेच का चुकतंय?"

"कारण इथल्या माश्या तुझ्या शाळेत गेल्या नाहीत."

ती हसली नाही. म्हणाली, फळं सुपारीएवढी व्हायच्या आत माशी संपली नाही तर हा बहार गेला. मग फोन कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत होती. पलीकडून कुणीतरी मोठा साहेब ओरडत असावा, ही नुसती "हो पाक, हो पाक" करत होती. जाताना म्हणाली, "म्बाह, कुठेतरी फळ आहे. या डोंगरावर कुठेतरी हिवाळा आलेला नाही."

"आला होता कधी?" मी म्हटलं.

पण रस्त्यावर सगळे हसतात तिला. "हवामानवाली" म्हणतात. सरपंचाची बायको तर म्हणाली, हिच्या नादाने आम्ही आठवडाभर आधी पानं काढली. पहिल्यांदा मीच नक्कल करून दाखवली होती, खांबाला कान लावून. आता सगळेच करतात. करतात तेही नीट नाही.

शुक्रवार लेगी, ९ जून

मला कळलं कुठे हिवाळा आला नाही ते. कुंपणापलीकडे, तुकिनेमकडे. ती आळशी आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून आळशी आहे. सात नंबरची बाटली तिच्या कुंपणापासून वीस पावलांवर. पडलेली फळं उचलत नसणार, त्यात शंका नाही.

आमचं बोलणं नाही. सहा वर्षं झाली, तिच्या बकरीवरून. तरी गेले. वाटेत दोन्हीकडे फुलं आली आहेत, पांढरी, कडेला गुलाबी. असं उजळलं की मला राग येतो, कारण पुढे काय होणार ते माहीत असतं.

तिच्या बागेत शिरले ते सरळ. झाडांखालून फिरले. काठीने पाला उकरला. एक फळ नाही. मातीसुद्धा झाडलेली. कोपऱ्यात काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, तोंड बांधून उन्हात ठेवलेल्या, आत पडलेली फळं शिजत होती. पालुपीने सांगितलं होतं तसं, अक्षरशः तसं.

तुकिनेम ओसरीवर कसावा सोलत बसली होती. उठली नाही.

"काय हरवलं, यू?" ती मला अजून यू म्हणते, मोठी बहीण.

"माश्या बघायला आले."

"सापडल्या?"

"लपवल्यास कुठे?"

"पदरात." तिने पदर झटकून दाखवला. मग तळलेल्या कसाव्याची बशी पुढे सरकवली. मी घेतला एक तुकडा, तिखट बरं केलं होतं. दुसराही घेतला. ती म्हणाली, "बरं केलंस आलीस. आता ज्या वाटेने आलीस त्याच वाटेने जा. जाताना जरा बघत जा."

वय झालं तिचं. वाट काय बघायची? कुंपण, जुनं झाड, नाला, घर. रोजचंच.

सात नंबर ७१.

शनिवार पाहिंग, १० जून

तुकिनेम असं का म्हणाली ते काल रात्री जेवताना डोक्यात आलं. जेवण राहिलं. आज विषय नको.

७४.

शनिवार वागे, १७ जून

पालुपी आली. चहा घेतला, उकडलेला मका खाल्ला, हार्सोयोच्या मोटरसायकलची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. एवढं सगळं झालं तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट सांगायचं आहे. आमच्याकडे लोक सरळ बोलत नाहीत. वाईट गोष्ट सांगायला तिसऱ्याच्या अंगणातून फिरून येतात.

"म्बाह, पासूरुआनला एक आजोबा आहेत. त्यांची आंब्याची बाग..."

"मला काय करायचंय पासूरुआनच्या म्हाताऱ्याशी?"

"फार व्यवस्थित माणूस. सगळी बाग झाडून काढतात. पण विहिरीजवळ एक झाड आहे, त्याला हात लावत नाहीत. त्यांच्या आईने लावलेलं."

"मग नका लावू म्हणावं."

"मी पण तेच म्हटलं," ती म्हणाली आणि चहाच्या पेल्यात बघत बसली.

हार्सोयो उठून बाहेर गेला. भित्रा. बापासारखा.

मी म्हटलं, "न्दुक, पासूरुआनला म्हातारा नाही. आहे का?"

ती लाल झाली. "नाही, म्बाह."

मग पिशवीतून तिने बशी काढली. कापलेली नऊ फळं. जुन्या झाडाखालची. प्रत्येकात अळ्या. माझ्या घरात, माझ्या चुलीसमोर.

"ही तुझी फळं नाहीत. तुला कुणी सांगितलं उचलायला? राखणदाराची आहेत ती."

"माफ करा, म्बाह." दोन्ही हात जोडून, मान खाली घालून म्हणाली. आणि तशीच, मान खाली ठेवून, "पण मग राखणदारालाही अळ्याच मिळतात."

मी तिला घराबाहेर काढलं. खांब, पेटी, बाटल्या उचल आणि चालती हो म्हटलं. ती बशी विसरून गेली.

उद्धट. चार वर्षं बर्फात राहून माणसं बिघडतात.

मोजलं नाही आज.

सोमवार लेगी, १९ जून

हार्सोयोशी भांडण. तो म्हणतो, "माक, एका झाडापायी एकशे एकोणचाळीस घालवशील." मी म्हटलं, तुला ती घालवायचीच आहेत, तुला संत्री हवीत. तो म्हणाला, "मला संत्री कधी हवी होती?" आणि एकदम ओरडला, "बाबा मेले तेव्हा मी चोवीसचा होतो! त्यानंतर दर बहाराला मीच फवारतो, मीच पिशव्या बांधतो, मीच नाल्यात ओततो! तू फक्त पानं काढतेस आणि त्या झाडाला कॉफी पाजतेस!"

इतकी वर्षं मला वाटायचं याला आवाज नाही.

रागाच्या भरात मी जुन्या झाडाखाली गेले आणि चाकूने फळ कापलं. हिचा खोटेपणा दाखवावा म्हणून. मग दुसरं कापलं. वरच्या फांदीवरून काठीने पाडून कापलं. बावीस कापली. दोन चांगली निघाली, तीही कच्ची होती.

अकरा वर्षांत एक फळ कापून पाहिलं नव्हतं. जे दुसऱ्याला दिलं ते कापून कशाला बघायचं?

सात नंबर ८०.

शुक्रवार क्लिवोन, २३ जून

सकाळी फुलं ठेवली. कॉफी ठेवली, तीन चमचे. थांबले जरा. मग शिडी आणली आणि त्या झाडाची पानं काढली.

कुणाच्या सांगण्यावरून नाही. पानं जुनी झाली होती, डाग पडले होते, काढायलाच झाली होती.

हार्सोयोने शिडी धरायला यायचा प्रयत्न केला, मी हाकलला. पण वरच्या फांद्यांना माझा हात पुरेना, तेव्हा तो न विचारता चढला. खालून वर ओढ, मी ओरडत होते, डोळा मोडू नको. एकही मोडला नाही त्याने. अकरा वर्षांचा पाला दाट होता. दुपार झाली. आतल्या फांद्यांवर शेवाळ, सालीत भेगा, एका भेगेत जुनी तार अडकलेली. कास्दूने कधी तरी फांदी बांधली असेल. साल तिच्यावरून वाढून गेली आहे. ती राहू दिली, काढायची तर साल कापावी लागली असती.

झाडावरची आणि पडलेली सगळी फळं काळ्या पिशव्यांत भरून उन्हात ठेवली. सात पिशव्या झाल्या. एवढ्या माश्यांना मी पोसत होते. एखाद्या जहागीरदारासारखी.

तुकिनेम कुंपणाशी येऊन बघत होती. म्हणाली, "यू, झाड वाळकं दिसतंय."

"तू पण दिसतेस," मी म्हटलं.

सोमवार पोन, २६ जून

पालुपी आली. खांब न्यायला आली असेल असं मला वाटलं. जुनं झाड दिसल्यावर थांबली. मी चुलीपाशी होते, बघत होते. दुसरी कुणी असती तर हसली असती, किंवा गळ्यात पडली असती, ते तर त्याहून वाईट. तिने येऊन एवढंच विचारलं, "कधी काढली, म्बाह?"

"शुक्रवारी."

तिने तारीख लिहून घेतली. बोटं चालवून काही मोजलं. म्हणाली, जमिनीत कोषात निजलेल्या अजून निघतील, पण नवी भर पडणार नाही. अठरा जुलैपर्यंत संपतील.

तिची बशी धुऊन ठेवली होती, ती दिली. सोबत केळीच्या पानात सोयाबीनचं तेंपे बांधून दिलं, कारण बशी रिकामी परत द्यायची नसते. बाकी काही नाही.

मंगळवार लेगी, ४ जुलै

सात नंबर २२.

फळं वाटाण्याएवढी. जुन्या झाडावर डोळे आहेत पण फुगले नाहीत. वेळ आहे अजून.

मंगळवार क्लिवोन, १८ जुलै

ती म्हणाली होती, आज शून्य. सात नंबरमध्ये एक निघाली. चुकला हिशेब.

एकच आहे पण चुकला तो चुकला. तिला तसं फोनवर सांगायला लावलं. ती तिकडे कितीतरी वेळ हसत होती, हार्सोयोच्या फोनमधून ऐकू येत होतं.

जुन्या झाडाला फुलं नाहीत. पालवीही नाही. बाकीच्यांना पंचवीस दिवसांत आली होती. मी फांदी नखाने खरवडून पाहिली. वरच्या फांद्या आतून तपकिरी. खाली एका जागी अजून हिरवी होती.

मुळाशी शेण घातलं.

शनिवार लेगी, २९ जुलै

निरोप आला, आणि हा महत्त्वाचा. फळं सुपारीएवढी झालीत. खालच्या खोऱ्यात उशिरा धरलेल्या बागांतली माशी ऊब भरली की वर येणार. आठ ऑगस्टला. सहा तारखेच्या आत सगळ्या फळांना कागदी पिशव्या बांधा. सहाही बागांनी, नाहीतर उपयोग नाही.

पालुपी सरपंचाकडे गेली. तिथून हात हलवत परत आली. कुणी ऐकायला तयार नाही. "मागे पाच आठवड्यांत माशी संपणार होती ना?" म्हणतात. तिने एका शब्दाने सांगितलं नाही की का संपली नाही. कुणाच्या झाडामुळे, ते सांगितलं असतं तर सगळ्यांनी ऐकलं असतं तिचं. नाही सांगितलं.

मग मी गेले. आधी तुकिनेमकडे, मग बाकी चौघांकडे. मी फोनचं नावही काढलं नाही. म्हटलं, मी वार मोजलेत. सहा तारखेच्या पुढे वार फिरतोय, त्यानंतर बांधलेली पिशवी टिकत नाही. कास्दूचा बाप असंच मोजायचा. कास्दूचा बाप पत्त्यांशिवाय आयुष्यात काही मोजत नव्हता, पण तो जाऊन आता चाळीस वर्षं झाली, विचारणार कुणाला?

सरपंचाची बायको म्हणाली, "तुम्ही सांगता तर बांधतो. त्या हवामानवालीचं काय खरं?"

"तिचं काही खरं नाही," मी म्हटलं. "पण पेटी राहू दे तिची, कावळे बसायला बरी आहे."

सहाच्या सहा बागांनी बांधायला घेतल्या. तुकिनेम तेवढी माझ्याकडे बघून म्हणाली, "यू, वार कुठल्या फोनवर मोजलास?"

बुधवार पाहिंग, ९ ऑगस्ट

आठ तारखेलाच आल्या. सकाळी अकराला. बाराही बाटल्यांत. मी उभी राहून पाहत होते. पिशवीवर बसायच्या, चालायच्या, टोचायला जागा शोधायच्या, उडायच्या. पांढऱ्या कागदाच्या बागेत भिकाऱ्यांसारख्या दारोदार फिरत होत्या.

पालुपीने विचारलं, सगळ्यांनी वेळेत कशा बांधल्या? मी म्हटलं, कुणास ठाऊक, माणसांना कधी कधी अक्कल येते.

१९६.

गुरुवार लेगी, १२ ऑक्टोबर

फळं उतरली. चौदा करंड्या. अळ्यांची अर्धी. हार्सोयो प्रत्येक करंडीतलं एक एक फळ कापून बघत होता, मग दोन दोन, मग मीच चाकू काढून घेतला, म्हटलं विकायला ठेव काही.

संत्र्यांचं नाव त्याने काढलं नाही. मीही नाही.

पालुपीचा साहेब मोटार घेऊन आला. पेटीसमोर उभं राहून फोटो काढला. तिच्या मागे उभा होता आणि पुढे दिसत होता.

जुनं झाड वाळलं. खालची हिरवी जागाही गेली. एवढ्या वयात एकदम उघडं पाडलं, सोसलं नाही. हे पानं काढणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच.

शुक्रवार वागे, २० ऑक्टोबर

हार्सोयोने बेत केला होता की मी बाजाराला गेले की झाड पाडायचं. मी बाजाराला गेले नाही.

जुमाडी करवत घेऊन आला. खालच्या गावातल्या सगळ्या बागा त्यानेच तोडल्या. एकशे चाळीस झाडांकडे नजर टाकून हात चोळत म्हणाला, "म्बाह, कुठून सुरू करू?"

"एकच आहे."

"एकासाठी एवढं पेट्रोल जाळून वर आलो?"

"मग चालत यायचं होतंस."

झाड उतारावर, खाली पडलं असतं तर खालची ओळ मोडली असती. म्हणून दोर बांधून वरच्या अंगाला ओढायचं ठरलं. जुमाडी म्हणाला, दोर हार्सोयोला द्या. मी दिला नाही. हार्सोयो माझ्या मागे उभा राहून शेवटाला धरून होता, तेवढं मी चालवून घेतलं. पालुपीसुद्धा त्याच्या मागे. ही आज कशाला आली, माहीत नाही. बोलावलं नव्हतं.

करवत आत गेली. झाड थोडं थरथरलं, मग हललं. मी ओढलं. ओढलं त्या बाजूला आलं. अगदी माझ्या पायांशी.

कास्दू आयुष्यात कधी ओढलेल्या बाजूला आला नाही.

जुमाडी म्हणाला, खोड चांगलं आहे, बाकडं होईल. मी म्हटलं, जळण कर. बुंधा किती उंच ठेवू विचारलं, म्हटलं, जमिनीबरोबर काप, कुणी अडखळेल. सगळं आवरून झाल्यावर हार्सोयो त्या रिकाम्या जागेभोवती फिरत होता. "माक, इथे काय लावायचं?"

"सफरचंद. दुसरं काय लावतात बागेत? आणि लावशील ती तारीख हिला लिहून दे, नाहीतर विचारत बसेल."

पालुपीने पिशवीतून पेन काढलंच.

"आणि पहिल्या वर्षापासून पानं काढायची," मी म्हटलं. "वेळच्या वेळी. सगळ्यांबरोबर. लाड नाहीत."